बाग, खाडी आणि उघाडी

खाडीकाठी बाग असावी की नसावी, यावर माझं आणि मामाचं काही केल्या जमत नाही. मामा उरण तालुक्यातल्या एका आगरी गावचा. लहानपण मिठागरात आणि खारजमिनीच्या बांधावर गेलं, पुढे नोकरी झाली, आता निवृत्त. मी पनवेलला वाढलेली, सुट्टीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून चिखल तुडवणारी. वाचणाऱ्याला वाटेल, गावचा म्हातारा म्हणत असेल खाडी आहे तशी राहू द्या, आणि शहरातली भाची मागत असेल बाकडी नि झोपाळे. आमच्याकडे उलटं आहे. बाग मामाला हवी आहे.

वादाची जागा पाणजे. द्रोणागिरीच्या नव्या वसाहतीला लागून असलेली सुमारे 289 हेक्टरची पाणथळ. थंडीत इथे रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात, शेकाटे, तुतवार, मोर शराटी येतात. बीएनएचएस या संस्थेने ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याबरोबर ज्या पाणथळ जागा जपाव्यात म्हणून सुचवल्या, त्यांत उरणच्या पाणजे, बेलपाडा आणि भेंडखळ या तिन्ही आहेत. एका कागदावर ही पाणथळ, दुसऱ्या कागदावर विकासाची जमीन. त्यावरून अर्ज, तक्रारी, सुनावण्या वर्षानुवर्षं चालल्या आहेत. माणसं मात्र कागदांसाठी थांबलेली नाहीत. 12 जानेवारी 2024 ला खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकल धावली, त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं, आणि मुंबईकराला उरण एकदम जवळचं वाटू लागलं. आता पहाटे कॅमेरेवाले असतात, संध्याकाळी वसाहतीतली कुटुंबं.

“ही माणसं येतात ती बसतात कुठं?” मामाने सुरुवातच अशी केली. “दगडावर. आणि लघवीला जातात तिवरांत. तुमच्या फोटोवाल्या बाप्यांचं भागतं. बाईमाणसानं काय करायचं?”

“म्हणून इथं पेव्हर ब्लॉक घालायचे?”

“मी ब्लॉकचं नाव तरी काढलं का?”

“बाग म्हटली की ब्लॉक येतोच, मामा. आधी ब्लॉक, मग बंद पडलेलं कारंजं, मग सिमेंटचा फ्लेमिंगो, लाल अक्षरांचा सेल्फी पॉइंट, आणि सगळ्यात आधी कोनशिला. हवंय का हे?”

“सिमेंटचा फ्लेमिंगो नको,” मामा म्हणाला. “खरा असताना कशाला? मी बाक मागतोय. सावली मागतोय. पाण्याचा नळ, आणि स्वच्छ संडास. चार गोष्टी.”

“चारांच्या चाळीस होतात.”

“अगं बाय, तुझ्या घराखाली बाग आहे. लिफ्टनं उतरलीस की हिरवळ. तुला रान हवंसं वाटणारच.”

हा टोला मला लागला, पण मी तो मोजला नाही. मी माझा मुद्दा मांडला, कारण तो मला आजही बिनतोड वाटतो. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा पक्षी त्यात पोट भरतात. भरती चढली की चिखल बुडतो. मग ते पाणी उतरेपर्यंत त्यांना उभं राहायला उथळ, निवांत जागा लागते. पाणजे ही तशी जागा आहे. तिथे प्रखर दिवे आले, स्पीकर आला, मोकळी सोडलेली कुत्री आली, की थवा उठतो. आसपास उतरायला दुसरी जागा राहिली नसेल तर तो नुसता उडत राहतो, आणि दूरच्या प्रवासासाठी अंगात साठवलेली चरबी अशी उडण्यातच जळून जाते.

“म्हणजे पक्ष्यांना विश्रांतीची जागा हवी,” मामा म्हणाला.

“हो.”

“आणि माझ्या आईला नको होती.”

मी गप्प. मामा पुढे बोलत राहिला, नेहमीपेक्षा हळू. “आम्ही खाडीवर फिरायला असे कधी गेलोच नाही. कामाला गेलो. ओहोटी बघून आई चिखलात उतरायची. चिंबोऱ्या, निवट्या, कालवं. कालवांच्या शिंपांनी बोटं कापलेली, मिठागरात पायाला भेगा. खाडीकडं तोंड करून ती पाच मिनिटं स्वस्थ बसलीय असं मी बघितलं नाही. आता तिच्या सुनांना, नातींना तसं बसायचंय. तू म्हणतेस, नको, त्यानं निसर्ग बिघडेल.”

याला उत्तर देणं सोपं नाही. निसर्गप्रेमी माणसं खाडीचं वर्णन करताना ती जणू रिकामीच होती असं करतात. ती रिकामी कधीच नव्हती. आगरी हे नावच मिठाच्या आगराशी जोडलेलं सांगतात. 1970 साली सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित झाल्या. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तान परिसरात आंदोलन झालं, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली, आणि 16 व 17 जानेवारीच्या गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. ज्या घरांनी शहराला जमीन दिली, त्यांतल्या बायकांना संध्याकाळी टेकायला बाक हवा, यात गैर काय आहे?

तरीही मी हट्ट सोडला नाही. “बाक येईल. बाकामागून कुंपण येईल. कुंपणाला फाटक, फाटकाला कुलूप, आणि कुलपाशेजारी तिकिटाची खिडकी. मग तुझ्याच गावची बाई जाळं घेऊन आली तर रखवालदार तिला हटकणार. चालेल?”

“नाही चालणार,” मामा लगेच म्हणाला. “आमच्याकडं चिरनेरचा जंगल सत्याग्रह झालाय, विसरू नकोस. 25 सप्टेंबर 1930. लोक अक्कादेवीच्या रानात शिरले ते झाडांवर राग होता म्हणून? आपल्याच रानाला सरकारनं कुलूप घातलं म्हणून. गोळ्या खाल्ल्या. कुंपण नको म्हणणारा मी पहिला.”

“कुंपणाशिवाय बाग आपल्याकडे कुठलं सरकारी खातं बांधतं, ते दाखव.”

“तू मला नियम सांग. बाग मी दाखवतो.”

नियम असे आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवनाच्या तोडीला बंदी घातली, आणि सप्टेंबर 2018 च्या निकालात कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरचा घाला आहे असं ठरवलं. कांदळवनाभोवतीच्या 50 मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करता येत नाही, जमीन कोणाचीही असो. 2019 च्या किनारा नियमावलीत मात्र मंजूर पर्यटन आराखडा असेल तर कांदळवनातून निसर्गवाटा काढायला वाव ठेवला आहे.

“झालं तर,” मामा म्हणाला. “पन्नास मीटर मागं ठेव बाक. माझे डोळे अजून शाबूत आहेत, तेवढ्यावरनं दिसतं. आणि पोरांना जवळ न्यायचं तर लाकडी वाट कर, खाली चिखल तसाच.”

खरं सांगायचं तर जवळ जाण्याचं महत्त्व मामाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. बोलता बोलता त्याने वाकून तिवराचं एक पान उलटं केलं आणि माझ्यापुढे धरलं. पानावर बारीक पांढरे कण होते, रवा सांडल्यासारखे. तिवर मुळातून ओढलेलं जास्तीचं मीठ पानावाटे असं बाहेर टाकतो. “लहानपणी चाटायचो,” मामा म्हणाला. मी पण जीभ लावली. चिखलातून वर आलेल्या मुळांच्या काड्या बोटभर उंच, शेकड्याने. झाड त्यांच्यातून श्वास घेतं, कारण खालच्या चिखलात हवा नसते. दोन मुळांच्या मधल्या ओल्या चिखलात एक निवटी पाठीवरचा पर उभारून दुसरीवर धावून जात होती. दोघींची तोंडं उघडी, डोळे डोक्यावर बसवल्यासारखे. मासाच तो, पण पाण्याबाहेर भांडत होता. पलीकडे एक नांगी प्रमाणाबाहेर मोठी असलेले इवलेसे खेकडे ती नांगी वरखाली हलवत होते. “माद्यांना बोलावतात,” मी माझी माहिती पुरवली. मामाला ती जुनी होती.

“हे दाखवायला जागा नको का पोरांना?” त्याने विचारलं. “माझा नातू मोबाइलवर पेंग्विन ओळखतो. निवटी ओळखत नाही.”

“त्याला बाग कशाला? तू हात धरून आण.”

“मी आणीन. वसाहतीतल्या पोरांना कोण आणणार? त्यांच्या आईबापांना हा नुसता चिखल वाटतो. बागेत पाटी असली की चिखलाला नाव मिळतं. नाव मिळालं की भराव टाकणाऱ्याचा ट्रक आला तर चार माणसं विचारतात तरी.”

हा मुद्दा मी टिपून ठेवला. लोकांचा राबता असलेल्या जागेवर रातोरात भराव टाकणं अवघड जातं. ज्या पाणथळ जागी कोणी जातच नाही, ती आधी झुडपात, मग राडारोड्यात आणि मग नकाशातून नाहीशी होते. मामाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा माझ्या मते हाच, फक्त तो त्याने सहज जाता जाता मांडला.

मी वेंगुर्ल्याचं उदाहरण काढलं. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका 2017 पासून वल्ह्याच्या होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. आपल्या रायगडातही श्रीवर्धन तालुक्यातल्या काळिंजे गावी कांदळवनाची होडीतून सफर आहे. “बघ,” मी म्हटलं, “बाग न बांधता होतं. होडी आली, गेली. मागे काँक्रीट राहत नाही, आणि पैसा गावातल्या बायकांच्या हातात पडतो.”

“चांगलं आहे. पण होडीत कोण बसतं? पाहुणा. वेंगुर्ल्याची म्हातारी रोज संध्याकाळी तिकीट काढून होडीत बसते का? तू पर्यटन सांगतेस, मी रोजचं सांगतोय.”

मग मी नेरुळ काढलं, आणि तिथे मामाने मला पकडलं. नेरुळच्या डीपीएस शाळेमागचा तलाव हीसुद्धा भरतीच्या वेळी रोहितांच्या थांब्याची जागा. काठाने लोक फिरतात, व्यायाम करतात, अगदी रोजचं. 2024 च्या उन्हाळ्यात तिथे भरतीचं पाणी येणं अडलं, तलाव सुकला, पक्षी मेले, आणि शहरात मोठा गदारोळ झाला.

“मेले कशानं?” मामाने विचारलं. “फिरणाऱ्यांमुळं?”

“नाही. पाणी अडल्यामुळे.”

“मग तू बाकाशी कशाला भांडतेस?”

इथून पुढे वाद बागेचा राहिला नाही. मामा उघाडीवर आला. खारेपाटात न राहिलेल्यांसाठी सांगते. खाडीच्या भरतीपासून भातजमीन राखायला शेतकरी मातीचा बांध घालतात. खाडीच्या बाजूचा मुख्य बांध म्हणजे बाहेरकाठा. त्या बांधात जागोजागी दाराची मोरी असते, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याचा दाब पडून झडप बाहेर उघडते आणि पाणी खाडीत जातं. भरती चढू लागली की खाडीचं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. वीज नाही, पंप नाही. मात्र झडपेत ओंडका अडकला, गाळ साचला किंवा फळी कुजली, तर एका उधाणात खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन पुढली काही वर्षं भात देत नाही. बांधाला भगदाड पडलं तर त्याला खांड म्हणतात, आणि खांड बुजवायला मध्यरात्रीसुद्धा गाव उठायचं.

“आमच्यात जोळ होता,” मामा म्हणाला. “एका बांधाच्या आत ज्यांची ज्यांची शेतं, त्या सगळ्यांचा मिळून जोळ. दरसाल कोणी किती बांध घालायचा, उघाडी कोणी बघायची, ठरलेलं. चुकला त्याला दंड. पुढं सरकारनं बांध आपल्याकडं घेतले, खारभूमीचं खातं आलं, आणि जोळ मोडला. खातं ओहोटी बघून थोडंच जागं होतं?”

सरकारी बांधांची व्यवस्था 1948 च्या खारभूमी कायद्यापासूनची. 1979 ला नवा कायदा आला. या व्यवस्थेचे फायदेही झाले, हे मामा सांगणार नाही, म्हणून मी सांगते: जोळाच्या आवाक्याबाहेरचे लांबच लांब बांध सरकारी पैशातून झाले. पण देखभालीचं मामा म्हणतो ते खारेपाटात कोणीही सांगेल.

“आता गंमत बघ,” मामा पुढे म्हणाला. “आमच्या बापजाद्यांनी खारं पाणी आत येऊ नये म्हणून उघाडी राखली. पाणजेला आता ते आत यावं म्हणून राखायची आहे. दार तेच. उघाडी बंद ठेवून बघ, दोन उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतील. मग कोणीही येईल आणि म्हणेल, कुठं आहे पाणथळ? त्यानंतर तू बाक ठेव नाहीतर ठेवू नकोस.”

भरतीच्या पाण्याची वाट अडली तर त्याला किंमत असते, हे उरणमध्येच लिहून मिळालेलं आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये इथल्या 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला, आणि त्या प्रकरणात भरावामुळे अडलेला भरती-ओहोटीचा प्रवाह हा कळीचा मुद्दा होता.

मला सिंगापूरचं सुंगेई बुलोह आठवलं. कोळंबीच्या जुन्या तळ्यांची ती जागा; 1993 ला निसर्गउद्यान म्हणून खुली झाली, 2002 ला राखीव क्षेत्र झाली. तळी बुजवली नाहीत, त्यांच्या पाण्याची दारं काढली नाहीत. त्याच दारांनी पाण्याची पातळी सांभाळून पक्ष्यांना भरतीच्या वेळी उथळ जागा करून देतात. लाकडी वाटा आहेत, आडून बघायला झोपड्या आहेत, संडास आहेत, शाळांच्या सहली येतात.

“मग तूच जिंकवलंस मला,” मामा म्हणाला. “तिथं दार कोण बघतं?”

“पगारी कर्मचारी.”

“इथं पगारावर आमच्यातला ठेवा. मी अजून उतरू शकतो बांधावर.”

एका बाबतीत मात्र आम्ही अजून जागच्या जागी आहोत: दिवे. मामाचं म्हणणं, कामावरून सातला परतलेल्या बाईला अंधारात फिरायला सांगणं म्हणजे येऊ नकोस सांगणं. माझं म्हणणं, पाण्याच्या बाजूला एकही दिवा नको. गुडघ्याएवढ्या उंचीचे, खाली तोंड केलेले, रस्त्याच्या बाजूचे दिवे आठपर्यंत, इथवर मी आले. मामा नऊ म्हणतो. साडेआठवर मी तयार नाही.

वेळेचं मात्र त्याने मला एक शिकवलं, आणि ते बागेच्या पाटीवर लिहावं असं मला मनापासून वाटतं. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. मोबाइलमधल्या आकड्याशी थोडा फरक पडतो, बेत ठरवायला पुरतं. पक्षी जवळून बघायचे तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भर दुपारी जायचं, तेव्हा उधाणाची भरती असते आणि थवे आत येतात. निवट्या बघायच्या तर त्याच दिवशी संध्याकाळी, चिखल उघडा पडल्यावर. अष्टमीला भांगाची भरती, पाणी धड चढत नाही; त्या दिवशी आपलं नुसतं चालून यावं.

माझं मत विचाराल तर मी अजून बागेच्या बाजूची झालेली नाही. आपल्याकडे बाग बांधणाऱ्यांचा सिमेंटवर फार जीव आहे, आणि मामाच्या चार गोष्टींवर ते थांबतील यावर माझा विश्वास नाही. पण मामाच्या आईला जे मिळालं नाही ते तिच्या नातींना मिळू नये, असंही मी म्हणणार नाही. तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावर, पाणजेला असो, धरमतरला असो की रेवदंड्याला, उद्या कोणी खाडीकाठच्या उद्यानाचा नकाशा हरकती-सूचनांसाठी लावला, तर वाचकांनी झोपाळे नि कारंजी मोजत बसू नये. त्या नकाशावर उघाड्या कुठे दाखवल्या आहेत, त्या कोण उघडणार आणि त्याचा पगार कोण देणार, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. उत्तर मिळालं नाही तर हरकत नोंदवावी, मुदतीच्या आत.